उरलंसुरलं आणि खुराडं

गेल्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले, की संध्याकाळचे साडेपाच वाजले की आमच्या अकरा कोंबड्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गर्दी करतात आणि दार उघडायला उशीर झाला तर जाळीवर चोची आपटतात. त्या दारातून त्यांना मिळतं काय, हे लिहायचं मात्र राहिलं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी फोन करून या वेळचं सदर त्यालाच द्या म्हणून सांगितलं. आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादला, मळ्याच्या कडेला. कोंबड्या पाळायला लागून मला सतरा वर्षं झाली. मी पशुवैद्य नाही. बँकेत होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे स्वतः केलेलं, बिघडवलेलं आणि मग डॉक्टरांना विचारून सुधारलेलं एवढंच लिहिते. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न (नाशिकरोड) : ताई, घरात आम्ही दोघंच. उरलेला भात, पोळ्या टाकायला जीव होत नाही, म्हणून सगळं आठ कोंबड्यांना घालतो. पूर्वी रोज सहा-सात अंडी मिळायची, आता तीनवर आलंय. खाणं तर पोटभर आहे. दृष्ट लागली म्हणावी तर तसं काही नाही. काय चुकतंय?

खाणं पोटभर आहे तिथेच घोटाळा आहे. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. पोट तेवढंच. त्यात तुम्ही भात आणि पोळी भरली की दुकानातून आणलेलं लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, तिच्या पोटात जाणार कुठे? त्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं असतात आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम. तांदळात प्रथिनं जेमतेम सात-आठ टक्के, कॅल्शियम जवळपास नाहीच. आणि एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं जातात, टरफलात दोन ग्रॅम कॅल्शियम. हा जमाखर्च मांडून बघा. बँकेतली सवय आहे, मला असाच समजतो. जमेला भात आणि खर्चाला अंडी, ताळा लागणार कसा?

शिवाय भात-पोळीवर कोंबडी जाड होते. उचलून बघा. पोटाखाली हाताला मऊ, भरलेली चरबी लागली तर समजा. लठ्ठ कोंबडी अंडी कमी देते आणि उन्हाळ्यात आधी तीच धापा टाकते.

तेव्हा आधी सकाळी लेअर खाद्य, तेही मोकळं, हवं तितकं. उरलंसुरलं संध्याकाळी आणि दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर नाही. आठ कोंबड्यांना ते सुकं धरून शंभर ग्रॅमच्या आसपास येतं. शिजलेल्या अन्नात पाणी असतं, म्हणून मी वजनाच्या भानगडीत न पडता डोळ्यांनी मोजते: दर कोंबडीला लिंबाएवढा गोळा.

अजून एक. तुमच्या पत्रावर डिसेंबरची तारीख आहे. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांवर येतो आणि कोंबडीला अंड्यासाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो. त्यात पिसं झडायचा काळ असेल, खुराड्यात पिसांचा सडा पडत असेल, तर अंडी आपोआप कमी होतात. पिसं म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिन, तिकडेच सगळं जातं. म्हणजे तीनाचा आकडा सगळा भातावर ढकलू नका. पण भात कमी कराच.

प्रश्न (मेरी, दिंडोरी रोड) : काकू, तुमच्या त्या साडेपाचच्या खाऊची नीट कृती द्या. प्रमाणासकट.

आमच्याकडे त्यांना फुणकेच म्हणतात. माझं माहेर सटाण्याचं. तिकडे तुरीची डाळ भरडून, वाफवून फुणके करतात आणि कढीबरोबर खातात. कोंबड्यांचे फुणके म्हणजे त्यांचे गरीब चुलतभाऊ.

कृतीआधी एक सवय लावून घ्या. स्वयंपाक करताना ओट्यावर एक स्टीलचा डबा ठेवायचा आणि मीठ पडायच्या आधी त्यात कोंबड्यांचा वाटा काढायचा. कुकर उघडला की फोडणीआधीची डाळ पळीभर. भाजी चिरताना देठ आणि साली. कणीक मळताना मीठ घालत असाल तर ती नको, बिनमिठाची भाकरी बरी. जेवणं झाल्यावर ताटातलं खरवडून डब्यात टाकायचं नाही. ताटातल्या उरल्याला मीठ, तेल, लोणच्याचा खार असं सगळं लागलेलं असतं. माझ्या सूनबाईंना हे पटायला वर्ष लागलं. आता तीच पाहुण्यांच्या हातातून ताट काढून घेते.

तर सकाळच्या दोन बाजरीच्या भाकरी हाताने चुरायच्या, कडक असतील तर पाण्याचा हबका मारायचा. वाटीभर मोकळा भात. अर्धी-पाऊण वाटी शिजलेली मूग किंवा तुरीची डाळ, घट्ट. वाटीभर पाला आणि साली: मेथीचे देठ, फ्लॉवरची पानं, दुधीची साल, गाजराचे शेंडे, जे असेल ते. हे कोशिंबिरीला चिरतो त्याहून बारीक चिरायचं. कोंबडीला दात नाहीत. लांब देठ गिळला तर गळ्याखालच्या पिशवीत त्याची गुंडाळी होऊन बसते. वरून मूठभर नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ, गोळा बांधला जाईल इतपतच. पेठ-हरसूलकडची नागली आठवडे बाजारात मिळते ती आणते मी, पण ज्वारीचं पीठही चालतं. मीठ नाही, हळद-तिखट नाही, तेलाचा थेंब नाही. लिंबाएवढे गोळे वळून इडलीपात्रात बारा-पंधरा मिनिटं वाफवायचे. एवढ्यात वीस-बावीस होतात, म्हणजे आमचे दोन दिवस निघतात. दुसऱ्या दिवशीचे फ्रिजमध्ये. तिसऱ्या दिवशीचे खड्ड्यात, खताला.

पूर्ण गार होऊ द्यायचे. बाहेरून गार लागतो आणि आत वाफ असते, म्हणून फोडूनच बघा. थंडीत, निफाडकडून बोचरी हवा सुटते त्या दिवसांत, मी कोमट देते. पण कोमट म्हणजे आपल्या मनगटाला लागणार नाही इतकं.

आणि परातीत ढीग घालू नका. ढीग घातला की वरच्या मानाच्या चार कोंबड्या खातात, बाकीच्या लांबून बघतात. गोळे कुस्करून अंगणभर उधळायचे. तरी आमची टिकली काय करते सांगू? सगळ्यांत म्हातारी, एक नखही तुटलेलं. पायाशी पाच तुकडे पडलेले असतात, पण ती सगळ्यांत मोठा चोचीत धरून पळत सुटते. की बाकी दहाच्या दहा आपापल्या पायाशी पडलेलं सोडून तिच्या मागे! अंगणाला दोन फेऱ्या होतात, तुकडा कुणाच्या तरी पायाखाली सांडतो आणि टिकली हात हलवत, म्हणजे पंख हलवत, परत येते. सतरा वर्षांत खाण्याची ही रीत काही बदलली नाही.

प्रश्न (पंचवटी) : आमच्या ह्यांचं रविवारी मिसळीशिवाय भागत नाही. उरलेल्या रश्श्यात पाव बुडवून ते कोंबड्यांना घालतात. तिखटाने त्यांची आग होत असेल ना? सांगितलं तर म्हणतात, बघ कशा आवडीने खातात.

तुमच्या यजमानांना अर्धे गुण. तिखट कोंबडीला लागतच नाही. मिरचीतलं जे आपल्या जिभेला भाजतं, ते कॅप्सेसिन, पक्ष्यांच्या शरीराला ओळखूच येत नाही. रानात पक्षी लवंगी मिरच्या खाऊन बी लांबवर टाकतात ते त्यामुळेच. म्हणजे नाशिकच्या काळ्या रश्श्याची तर्री आपल्याला घाम फोडते आणि कोंबडी डोळाही मिचकावत नाही.

पण रश्श्यात मीठ आहे, तेल आहे, वर फरसाण आहे. कोंबडी दीड-दोन किलोची. तिच्या रोजच्या खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. रश्श्याचा एक पाव म्हणजे तिला किती पट होईल याचा अंदाज करा. खारट पोटात गेलं की ती पाण्यापासून हलत नाही आणि शीट पाण्यासारखी पातळ पडते. सोमवारी सकाळी खुराड्याखाली बघा, दिसेल. दिवाळीनंतरचा चिवडा-शेव, पापडाचा चुरा, लोणच्याच्या फोडी यांनाही हाच न्याय. यजमानांना कोंबड्यांचे लाड करायचे असतील तर मिसळीची मटकी. मोड आलेली मटकी नुसती उकडून, मीठ-मसाला न घालता मूठभर. त्यांना ती रश्श्याइतकीच आवडते, माझा शब्द.

प्रश्न (सातपूर) : पावाला कडेने बुरशी आली होती. तेवढी काढून बाकीचा तव्यावर खरपूस भाजून दिला तर?

नाही. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. आणि शेंगदाणा, मका यांवरच्या बुरशीतून जे अफ्लाटॉक्सिन तयार होतं ते भाजून किंवा उकळून जात नाही. यकृत खराब होतं. पावसाळ्यात शेंगदाण्याचं कूट कुबट लागलं तर तेही नको. आपण खाणार नाही ते कोंबडीलाही नाही.

प्रश्न (देवळाली कॅम्प) : अंड्यांची टरफलं वाया जाऊ नयेत म्हणून मी मिक्सरवर पूड करून रोजच्या खाद्यात मिसळते. त्याने कोंबड्यांना स्वतःची अंडी फोडून खायची सवय लागते असं शेजारीण म्हणते. खरं का?

पूड केली असेल तर शेजारणीचं म्हणणं सोडून द्या. अर्धं टरफल अख्खं टाकलं तर कोंबडीला आकार ओळखू येतो आणि मग अंडी फोडायची खोड लागते. टरफलं धुवायची, दोन दिवस कडक उन्हात ठेवायची, तव्यावर कोरडीच परतायची आणि भरड कुटायची. अगदी पीठ नको. भरड तुकडा पोटात सावकाश विरघळतो आणि टरफल रात्रीच बनत असतं, तेव्हा तो हवा असतो.

मिसळण्याला मात्र माझा विरोध आहे. तुमच्या खुराड्यात कोंबडा असेल, अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा असतील. त्यांना एवढं कॅल्शियम नको, मूत्रपिंडावर ताण येतो. वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवं ती जाऊन खाते. संध्याकाळी बघा, उद्या अंडं देणारी बरोबर वाटीशी असते.

प्रश्न (दिंडोरी तालुका) : आमचा द्राक्षाचा मळा आहे. तोडणीला भरपूर मणी गळतात, बेदाण्याला न जाणारा मालही राहतो. कोंबड्या मळ्यात सोडल्या तर तण आणि किडेही खातील, असा विचार आहे. सासरे नको म्हणतात.

सासऱ्यांचं ऐका, निदान वर्षातले काही महिने. मीही मळेवाल्याच्या घरात नांदले आहे, त्यामुळे हा प्रश्न जरा सविस्तर घेते.

द्राक्ष कोंबडीला चालतं आणि आवडतं. थॉमसन जातीचा मोठा मणी पिल्लांना अर्धा चिरून द्यावा, मोठ्या कोंबड्या सबंध गिळतात. पण त्यात साखर ठासून भरलेली. एका कोंबडीला चार-पाच मणी, तेही रोज नाही. आंबून बुडबुडे आलेला ढीग असेल तर अजिबात नको. त्यात दारू तयार होते, कोंबडी झिंगते. हसायला येतं, पण झिंगलेली कोंबडी मुंगसाला पळून दाखवू शकत नाही.

काळजी आहे ती फवारणीची. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड या विषारी रसायनाचा लेप, म्हणजे पेस्टिंग, होतं. ते लावणारा माणूस हातमोजे घालतो, त्या दिवसांत दारूला शिवू नये असं त्याला बजावतात. छाटलेल्या काड्या खाली पडलेल्या असतात, त्यांवर पेस्ट सांडते आणि कोंबडी काय, दिसेल त्याला चोच मारणार. त्यानंतर केवडा, भुरी या द्राक्षावरच्या रोगांची औषधं, कुठे बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं. ते जमिनीत साचतं, गांडुळात जातं आणि गांडूळ कोंबडीत. अंडी तुम्हीच खाणार.

फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर छापलेलं असतं. निर्यातीचा माल करणाऱ्याला हे पाठ असतं. तोडणी म्हणजे तो काळ उलटलेला, त्यामुळे जानेवारी ते एप्रिलमध्ये घरी आणलेले गळीचे मणी धुऊन दिले तर माझी हरकत नाही. कोंबड्या मळ्यात सोडायच्याच असतील तर त्या वर्षी न फवारलेल्या परसातल्या वेलाखाली. आमच्या सासूबाईंनी तसा एकच वेल न्हाणीच्या मागे राखला होता. मालाचा नाही, घरचा. त्याच्याखाली आज खुराडं आहे, उन्हाळ्यात सावलीही होते.

प्रश्न (निफाड) : कांद्याचा भाव पडला की साठवणीच्या चाळीतला सडका कांदा उकिरड्यावर जातो. कोंबड्यांना घातला तर तेवढाच उपयोग?

नाही हो. कच्चा कांदा रोज आणि भरपूर पोटात गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कोंबडीचा तुरा फिका पडतो. अंड्यालाही वास येतो. सडका असेल तर दुप्पट नको. भाजीतला एखादा तुकडा गेला म्हणून घाबरू नका. सड्या कांद्याची जागा खताच्या खड्ड्यात आहे. तुमचं दुःख कोंबड्यांनी हलकं होण्यासारखं नाही, हे मलाही कळतं.

प्रश्न (गंगापूर रोड) : दसरा झाला की झेंडूच्या फुलांचा ढीग उरतो. झेंडू घातला की बलक केशरी होतो असं ऐकलंय. खरं आहे का आणि कसा द्यायचा?

खरं आहे. झेंडूतला पिवळा-केशरी रंग बलकात उतरतो. मोठ्या पोल्ट्रीतल्या खाद्यातही झेंडूचा अर्क घालतात तो याचसाठी. मेथी, पालक, पिवळा मका यांनीही बलक रंगतो. रंगाने अंडं जास्त पौष्टिक होतं असं मात्र समजू नका.

घरच्या कुंडीतला, न फवारलेला झेंडू असेल तर पाकळ्या सोडवून द्या. बाजारचा मी देत नाही. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते दोऱ्याचं, आणि इथे माझी चूक सांगायलाच हवी.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाराचं तोरण उतरवलं. घरचाच झेंडू होता. घाईत होते, फुलं ओरबाडून अंगणात टाकली आणि दोरा नंतर उचलू म्हणून कठड्यावर ठेवला. वाऱ्याने पडला असेल. संध्याकाळी बिजली, आमची काळी, ऑस्ट्रेलॉर्प जातीची कोंबडी, मान वाकडी करून सारखं गिळल्यासारखं करत होती. जवळ घेतलं तर चोचीच्या कोपऱ्यातून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर, बोटाच्या पेराएवढं. माझा हात तिकडे गेलाच होता. धाकट्या जावेने मनगट धरलं, म्हणाली, वहिनी, ओढू नका, गाईने साडीची किनार गिळली होती तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आठवतंय ना.

पाटीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टॉर्च धरून चोच उघडली. दोऱ्याचा एक फेरा जिभेच्या मुळाशी आवळलेला होता, बाकीचा खाली उतरला होता. मी ओढला असता तर जीभ कापली गेली असती. त्यांनी आधी फेरा कापला. मग गळ्याखालच्या पिशवीवरची पिसं उपटून, जागा बधिर करून लहानसा छेद घेतला आणि चिमट्याने गुंडाळी बाहेर काढली. ओली, हिरवट, सुपारीएवढी. त्यात झेंडूची दोन देठं अडकलेली होती. चार टाके. मी पाटीच्या कडेला हात धरून उभी, आणि बिजली माझ्या साडीच्या काठाकडे बघत होती, जणू पुढचा नंबर त्याचा.

तीन दिवस पातळ पेज आणि औषध. चौथ्या दिवशी टिकलीच्या मागे पळाली. अजून आहे. त्या जागी पिसं जरा वाकडी येतात.

तेव्हापासून आमच्याकडे तोरण उतरवलं की दोरा आधी चुलीत. गजऱ्याचा, फुलपुडीचा, पालेभाजीच्या जुडीचा, सगळा. आणि पहाटे कोंबड्या सोडताना प्रत्येकीच्या गळ्याखाली हात फिरवायची सवय लागली. रात्री ती पिशवी भरलेली असते, सकाळी रिकामी, सपाट लागली पाहिजे. सकाळीही चेंडूसारखी टणक लागली, किंवा पाण्याच्या फुग्यासारखी आणि तोंडाला आंबूस वास, तर घरगुती उपाय करत बसू नका.

प्रश्न (सिडको) : गच्चीवर चार कोंबड्या आहेत, खाली फरशी. स्वयंपाकघरातलं देतो. अलीकडे उंदीर फार झालेत. शेजारी तक्रार करतात.

शेजाऱ्यांची बाजू बरोबर आहे, आधी ते. कोंबड्यांनी उंदीर येत नाहीत, सांडलेल्या अन्नाने येतात. खाऊ दिला की वीस मिनिटांत उरलेलं उचला आणि फरशी धुवा. खाद्याचं पोतं पत्र्याच्या डब्यात ठेवा. आमच्याकडे उंदरामागे धामण येते आणि मळ्यात कधी बिबट्याची चाहूल असते, म्हणून दिवेलागणीनंतर अंगणात शीतही ठेवत नाही आम्ही. सिडकोत बिबट्याची भीती कमी, घुशींची जास्त.

तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. फरशीवरच्या कोंबड्यांना खडे मिळत नाहीत. खाटकाकडे कलेजीबरोबर जो पेटा मिळतो ना, ती कोंबडीची चक्की. त्यात गिळलेले खडे असतात आणि दाणे तिथे दळले जातात. अंगणातल्या कोंबड्या खडे स्वतः शोधतात. तुम्ही बांधकामाची जाड वाळू चाळून, धुऊन वाटीत ठेवा. नाहीतर दाणा आणि देठ दळणार कशाने?

प्रश्न (कॉलेज रोड) : मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिनेही कोंबड्या पाळल्यात. ती म्हणते, तिकडे स्वयंपाकघरातलं कोंबड्यांना घालणं कायद्याने बंद आहे. आपण एवढे लाड करतो ते चूक का?

मुलगी बरोबर सांगते. तिथे २००१ साली गुरांमध्ये लाळ-खुरकूताची साथ आली. हॉटेलातलं नीट न उकळलेलं खरकटं डुकरांना घातल्यातून ती सुरू झाल्याचं चौकशीत निघालं आणि लाखो जनावरं मारावी लागली. त्यानंतर खरकटं घालायला बंदी आली. घरच्या चार कोंबड्यांनाही नियम तोच, भाजीची साल असली तरी ती स्वयंपाकघरातून गेलेली नको. तिथे मांस, दूध, अंडी काहीच नसलेलं घर असेल तरच सूट. बागेतली भाजी सरळ खुराड्यात गेली तर चालते. मुलीला तोच रस्ता आहे.

आपल्याकडे घरच्या कोंबड्यांना तशी बंदी नाही, पण कारण आपल्यालाही लागू आहे. कच्चं चिकन, ते धुतलेलं पाणी, पिसं, आतडी खुराड्यात कधीही जाऊ नयेत. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हाची धास्ती आमच्या पिढीला आठवते. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं तर चालतं, पिसं झडताना तर चांगलंच. बिनमिठाचा जवळा मिळाला तर चिमूटभर. आणि अचानक दोन-तीन कोंबड्या मेल्या तर पुरून मोकळं होऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

प्रश्न (इगतपुरी) : ही यादी पाठवतेय, प्रत्येकापुढे हो-नाही लिहा: चहाचा चोथा, बटाट्याची साल, टोमॅटो, राजमा, कलिंगडाची साल, ताक, अॅव्होकॅडो, चॉकलेट, कच्चे तांदूळ.

चहाचा चोथा नको, गुलाबाला घाला. बटाट्याची साल हिरवट किंवा कोंब आलेली नको, उकडलेला साधा बटाटा चालेल. पिकलेला टोमॅटो हो, त्याचा पाला नाही. राजमा भिजवून पूर्ण मऊ शिजवलेला हो, पण कच्चा किंवा नुसता भिजवलेला विषारी असतो, चार दाणेही पुष्कळ झाले. कलिंगडाची साल उन्हाळ्यात दुपारी द्या, आतला पांढरा भाग कोरून कोरून कागदाएवढा पातळ करतात. ताक वाटीभर अख्ख्या खुराड्याला, बिनमिठाचं, जास्त झालं तर ढाळ लागते. अॅव्होकॅडो नाही, पक्ष्यांच्या हृदयाला घातक. इगतपुरीत कोण आणतंय देव जाणे. चॉकलेट नाही. कच्च्या तांदळाने पोट फुगून कोंबडी फुटते ही नुसती भीती आहे, मूठभर टाकलेत तर काही होत नाही.

प्रश्न (इंदिरानगर, वय वर्षे दहा) : आजी, मी डबा घेऊन गेलो की आमच्या कोंबड्या पळत येतात. बाबा गेले की येत नाहीत. त्या मला ओळखतात की डब्याला? बाबा म्हणतात डब्याला.

हे तुला घरीच शोधता येईल. उद्या डबा बाबांच्या हातात दे, तोच, त्याच वेळी. तू रिकाम्या हाताने जरा लांब उभा राहा. डबा वाजवायचा नाही, नाहीतर आवाजाने येतील आणि कळणारच नाही. परवा उलट कर: तू वेगळा डबा घे, प्लॅस्टिकचा. दोन्ही दिवशी आधी कोण कुणाकडे पळालं ते वहीत लिही. एकदाच करून निकाल लावू नकोस, पाच-सहा दिवस कर. आमच्याकडे करून बघितलं तेव्हा नऊ जणी डब्याकडे गेल्या, बिजली माझ्याकडे आली आणि टिकली डबा आणि मी यांच्या मधे उभी राहून ओरडत बसली. तुझ्याकडे काय झालं ते मला कळव, आणि बाबा चिडले असतील तर तेही लिही.